लकी शर्टाची कॉलर

इस्त्री करताना कॉलरची घडी बोटाला खरखरीत लागली, की समजायचं, शर्टाचे दिवस भरले. साध्या शर्टाचं फडकं होतं. शर्ट ‘लकी’ असेल तर मात्र घरात मसलत सुरू होते.

मुळात शर्ट लकी ठरतो तोच उलट्या हिशोबाने. आधी पेपर सोपा जातो, मग आठवतं की अंगात निळा शर्ट होता. पट्टा, बूट, रात्रीचा अभ्यास, कुणालाच श्रेय नाही. आणि पुढे कधी पेपर अवघड गेलाच, तरी शर्टावर ठपका नाही. त्या दिवशी मोजे वेगळे होते ना! मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांत हाच प्रकार नोंदवला. दाणे ठरावीक वेळाने आपोआप यायचे, पण एक कबूतर मधल्या वेळात पिंजऱ्यात दोन-तीन गिरक्या घेत राहायचं. त्याला निदान गिरकी धुवावी लागत नव्हती.

कारण खरा घोळ धुण्यातच आहे. नशीब धुऊन जाईल म्हणून घामट शर्ट तसाच कपाटात टांगणारे असतात. हा त्या शर्टाचा घातच. काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात. घामरोधकातले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून ते पडतात, आणि जितके मुरतील तितके हट्टी होतात. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर पिवळेपणा वाढतो. तीन भाग खाण्याचा सोडा, एक भाग पाणी, असा लेप अर्धा तास ठेवावा, मग गार पाण्यात, उलटा करून धुवावा आणि सावलीत वाळवावा. मोज्यांचं इलॅस्टिक तर गरम पाण्यानेच ढिलं पडतं.

मला विचाराल तर नशीब दिसू न देणारे जास्त शहाणे. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन शिकागो बुल्सच्या गणवेशाखाली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची जुनी शॉर्ट घालायचा. स्टीव्ह वॉचा लाल रुमाल खिशात असायचा. रुमाल हा त्यातल्या त्यात टिकाऊ माल: ना शिवणीवर ताण, ना मापाची भानगड. अंगठीचं तसं नाही. उकाड्यात बोट सुजतं आणि नेमकी महत्त्वाच्या दिवशी ती पेरावर अडकते. मग साबण लावा, हात डोक्याच्या वर धरून बसा.

पण कॉलरवर इलाज आहे. शिंपी गळ्याच्या पट्टीवरची शिवण उसवतो, कॉलरचं पान सुटं करतो, उलटवतो आणि पुन्हा त्याच पट्टीत बसवतो. झिजलेली बाजू खाली जाते, कोरी वर येते. टोकांत कॉलर ताठ ठेवणाऱ्या काड्या सरकवायच्या फटी असतील तर त्या वर दिसू लागतात, हे आधी बघून घ्यावं. शिवाय हे एकदाच जमतं; पानाला तिसरी बाजू नसते.

आता जी बाजू वर आली, तिने तो सोपा पेपर पाहिलेलाच नाही. बघू. पुढचा अवघड गेला तर मोज्यांना सोडून शिंप्याला धरतील, एवढंच.