कानामागची गाठ

सोमवार, रात्री साडेअकरा

दुपारी अक्का सोप्यात बसून आमच्या शिह त्झू पिलाच्या, बुंदीच्या कानामागं खाजवत होत्या. मध्येच बोटं थांबली. "हे काय गं, हाताला काय तर लागायलंय."

एक रुपयाच्या नाण्याएवढी गाठ. डाव्या कानाच्या मुळाशी, कातडीला धरून, नमद्यासारखी घट्ट झालेली. तिच्यावरचे केस मात्र रेशमासारखे सुटे. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. मलाही कळलं नव्हतं.

अक्का पुढं काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळीच त्यांच्या हातातलं बेदाण्यांचं पाकीट मी जवळजवळ हिसकावून घेतलं होतं. सगळं वजन करून, घड्याळ बघून करायचं मी, आणि चूक निघायची ती माझ्याच हातची. संध्याकाळपासून तेच डोक्यात फिरतंय. रोज रात्री दहा मिनिटं विंचरते, एक दिवस चुकलेला नाही. मग ही गाठ झाली कधी?

एका रात्रीत होत नाही, एवढं नक्की. शिह त्झू ही लांब केसांची छोटी जात, तिचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात. गळलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकून बसतो. पिलाचे केस कापसासारखे मऊ, त्यामुळं जास्तच. त्यात ओल आली आणि वरून काही घासलं की पीळ पडतो. कानामागं, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, छातीवर पट्टा येतो तिथं. शनिवारी पावसातनं आत आल्यावर मी पाठ पुसली, पोट पुसलं, पंजे पुसले. कानांकडं लक्ष गेलं नाही. पट्टाही रात्रीपर्यंत अंगावर ओलाच.

पण शनिवारला दोष देऊन भागणार नाही. केस चार सेंटिमीटर, आणि स्लिकर ब्रशच्या तारा वरच्या दीड-दोन सेंटिमीटरांतच फिरत होत्या. वर फुललेलं दिसायचं, आणि खाली मुळाशी केस एकमेकांत गुंतत होते.

नीट कसं करायचं ते येतं की मला. दुसऱ्यांना दहादा सांगितलंय. पिलाला कुशीवर झोपवायचं. फवाऱ्याच्या बाटलीनं पाण्याचा अगदी हलका शिडकावा द्यायचा, कारण कोरडा केस ब्रशखाली तुटतो. डाव्या तळव्यानं केस वर दाबून धरायचे आणि खालून बोटभर रुंदीची एकच ओळ सोडायची. कातडी दिसली पाहिजे. त्या ओळीवर मुळापासून टोकापर्यंत ब्रश, मग तिच्या वरची ओळ. असं पोटाकडनं पाठीकडं चढत जायचं. जोर किती, ते आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर बघायचं. तिथं बोचलं तर पिलाला ओरखडेच उठणार. शेवटी स्टीलची फणी, आधी रुंद दात्यांची बाजू, मग बारीक. फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेली तरच ते विंचरणं. आणि गेले पंधरा दिवस मी फणी हातातच घेतलेली नाही. ब्रशनं केस मोकळे दिसले की झालं, असं वाटायचं. त्या वेळेला दिवस संपलेला असतो, मी दमलेली असते. आमच्या आधीच्या कुत्र्याच्या, मोतीच्या वेळी असलं काहीच नव्हतं. असू दे ते.

अक्कांशी खाण्यावरनं पहिल्या दिवसापासून वाद आहे. "मुधोळची कुत्री भाकरी-ताकावर वाऱ्यागत पळत्यात, हिलाच कसलं गं ग्रॅम मोजून घालायलीस?" ती कुत्री त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पण वीस-पंचवीस किलोच्या, लांब पायांच्या, आखूड केसांच्या कुत्र्याचा हिशोब सव्वादोन किलोच्या पिलाला लागत नाही. लहान जातीच्या पिलाचं पोट इवलंसं, अंगात साखरेचा साठा नावापुरता, आणि ऊब मात्र भराभर जाते. दोन खाणी चुकली, जुलाब झाले किंवा गारठलं, तर रक्तातली साखर एकदम उतरते. पिलू झिंगल्यासारखं चालतं, मान टाकतं, हिरड्या गार पडतात. अशा वेळी घट्ट साखरपाणी किंवा मध बोटानं हिरड्यांना चोळायचा, फडक्यात गुंडाळून ऊब द्यायची आणि तसंच उचलून डॉक्टरांकडं जायचं. शुद्धीवर नसताना तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तीन महिन्यांच्या आत ही भीती सगळ्यात जास्त. आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायचं नाही हा २०१७ चा नियम आहे, तरी कोवळी पिलं विकली जातातच. नीट खायला शिकायच्या आधीच आईपासून तोडलेली.

बुंदीला पंधरा आठवडे पूर्ण झालेत. दिवसाला ७२ ग्रॅम, १८-१८ ग्रॅमचे चार वाटे, सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. चौथा महिना संपला की तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. हा आकडा बुंदीचा आणि तिच्या पिशवीचा, दुसऱ्या पिलाला तसाच लावायचा नाही. पिलांच्या खाण्याच्या पिशवीवरच्या तक्त्यात वजनाचा रकाना बहुतेक मोठेपणी होणाऱ्या वजनाचा असतो, आजच्या वजनाचा नव्हे. तिथंच लोक फसतात. वाटीवरही विसंबायचं नाही. एकाच वाटीत कधी १८ ग्रॅम बसतात, कधी शीग लागली की २५. एवढ्याशा जिवाला सात ग्रॅम म्हणजे एका जेवणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

दाणे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचे, दूध नाही. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, मग जुलाब. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर ताटली उचलायची, पावसाळी हवेत भिजलेलं लगेच आंबतं. खाणं बदलायचं असेल तर सात दिवस घ्यायचे. पहिले दोन दिवस नवं चतकोर, मग निम्मं, मग पाऊण.

दूध-चपातीवर पिलाचं पोट गोल दिसतं, घरातले म्हणतात, बाळसं धरलं. खरं काय ते महिन्या-दीड महिन्यानं केसांत दिसतं. केस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ते कमी पडलं की केस राठ होतात, टोकाला तुटतात. नुसत्या धान्यावर ठेवलं तर आतड्यातून जस्तही नीट शोषलं जात नाही, कातडीला कोंडा सुटतो. अंडं द्यायचं तर उकडून, रोज चतकोर, त्याहून जास्त नको. कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन, म्हणजे केसांना लागणारं जीवनसत्त्व, बांधून ठेवतो, म्हणजे केसांसाठी दिलेलं अंडं केसांच्याच मुळावर येतं. पिलांचं पूर्ण खाणं चालू असताना वरून कॅल्शियमची पूड नको. वरकड खाऊ सगळा मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्शात बसवायचा.

आणि बेदाणे. अथणी-तासगावच्या बेदाण्यांचा डबा आपल्याकडं घराघरांत असतो, करदंटातही, म्हणजे गूळ-सुक्यामेव्याच्या मिठाईतही, ते असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे, काहीही असो, कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतं, आणि किती खाल्ले तर बाधतात त्याला भरवशाची मर्यादा नाही. दोष त्यातल्या टार्टारिक आम्लाला देतात. तेच चिंचेत असतं, म्हणून आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा नको. शिवाय आमटीत कांदा-लसूण असतो. तो शिजवला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. सकाळी अक्कांना हे सगळं सांगितलं ते खरंच होतं. सांगायची पद्धत बरोबर नव्हती. त्यांनी पाकीट फडताळात वरच्या फळीवर ठेवलं आणि आत गेल्या.

परत गाठीकडं. रात्री दहाचं खाणं झाल्यावर बुंदीला मांडीवर घेतलं. आंघोळ घातली की गाठ सुटेल असं बऱ्याच जणांना वाटतं, होतं नेमकं उलट. ओली गाठ वाळताना आवळते. खोबरेल तेलानं केस वरून सुळसुळीत दिसतात, पण धूळ धरतात, आणि पिलू चाटून चाटून पोट बिघडवून घेतं. म्हणून गाठ कोरडीच ठेवली, वर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठीखालचे केस, कातडीला लागून, घट्ट धरले, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर येत नाही. मग फणीच्या शेवटच्या दात्यानं टोकाकडनं सुरुवात. चार-पाच केस सुटले की थांबायचं. मुळाशी फणी घालून ओढलं असतं तर बुंदी पुन्हा कधी मांडीवर आली नसती. पाच मिनिटं काम, थोडी विश्रांती, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, परत पाच मिनिटं. तीन फेऱ्यांत दोन तृतीयांश गाठ सुटली. मधला दाणा सुटेना. गाठ चिमटीत उचलून कात्री लावायची नसते, गाठीबरोबर कातडी वर येते आणि कागदासारखी कापली जाते. फणी गाठ आणि कातडीच्या मध्ये सरकवली आणि फणीच्या वरून गोल टोकाच्या कात्रीनं कापलं. खालची कातडी थोडी गुलाबी आहे. ओलसर नाही, वास नाही, गोचीडही नाही.

कापलेली गाठ कागदावर ठेवून बराच वेळ बघत बसले. कानामागं एक खळगा पडलाय. भरून येईल.

दहाव्या-बाराव्या महिन्यात पिलाचे केस जाऊन मोठे केस येतात, तेव्हा तर रोज गाठी. त्या वेळी लांब केसांचा हट्ट धरायचा नाही, हे आज ठरवलं. सगळीकडं अडीच सेंटिमीटर ठेवून कापून घ्यायचे. शिह त्झूला ते चालतं. गल्लीतल्या पॉमेरेनियन कुत्र्याला उन्हाळा आला म्हणून मुळापासून काटलं, तसं मात्र नाही. त्यांचे केस दुहेरी, कधी कधी परत नीट येतच नाहीत. फोटोतल्यासारखे जमिनीला टेकणारे केस आपल्या पावसात, आपल्या अंगणात टिकणार नाहीत. मनातनं ते चित्र काढायला थोडं जड गेलं. पण बुंदीला त्या चित्राशी काय करायचंय?

आंघोळ अजून आठ दिवस नाही. लस या आठवड्यात आहे, आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. ड्रायर मध्येच बंद पडला तर मुळाशी ओल राहते, आणि आतली ती ओल वरून दिसत नाही.

अक्का कुत्र्याला थोपटत नाहीत. बोटं केसांत पार खालपर्यंत घालून हळूहळू फिरवतात, मोतीलाही तसंच करायच्या. माझा हात पंधरा दिवस वरवर फिरत होता, त्यांचा पहिल्यांदाच कातडीला टेकला. उद्यापासून संध्याकाळी पाचचं खाणं झालं की बुंदीला त्यांच्याकडं द्यायचं. दोन्ही काखा, दोन्ही कानांमागं, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी. त्यांनी सांगायचं कुठं लागतंय, मी फणी घेऊन शेजारी बसायचं.

सकाळचं बेदाण्यांचं आधी बोलायला हवं. उद्या चहाच्या वेळी. फणी खुंटीवर ब्रशच्या पुढं टांगलीय.