तुम्ही विचारलंत म्हणून: ते पाडस

कीर्तन संपलं की कोणीतरी विचारतंच, बुवा, भरतराजाच्या आख्यानात पाडसाचा भाग एवढा का लांबवता, रहूगण राजाची पालखी येईस्तोवर लोक घड्याळं बघायला लागतात. विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकतो.

मी पण आधी ते पाच मिनिटांत उरकायचो. राज्य सोडलं, पाच मुलं सोडली, गंडकीच्या काठी पुलहाश्रमात जाऊन बसला आणि अडकला कुठे, तर हरणात! झांज, हशा, लगेच गीतेतलं ‘यं यं वापि स्मरन्भावम्’, मरताना ज्याची आठवण तोच पुढचा जन्म, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. हमखास चालायचं.

एका गावात उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या आख्यानाच्या भागात, असाच हशा आला आणि पुढे बसलेल्या एक आजी जागेवरूनच म्हणाल्या, "मग काय बुवा, वाहून जाऊ द्यायचं होतं का त्याला?" सिंहाच्या गर्जनेला घाबरून हरिणी उडी मारते, पोटातलं पाडस प्रवाहात पडतं, ती मरते, भरत पाडसाला बाहेर काढून वाढवतो, हे दोन मिनिटांपूर्वी मीच सांगितलेलं. आणि मी काय बोललो? "आजी, तुमचा पण नंबर हरणातच लागणार दिसतोय." मंडप हसला. पेटीवाला पण हसला. आजींनी मांडीवर झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि आरतीला न थांबता गेल्या. पानावर बसल्यावर यजमान म्हणाले, लेकीचं पोर आहे ते, लेक बाळंतपणात गेली. घास उतरेना वगैरे लिहिणार नाही, जेवलो मी, पोटभर जेवलो, त्याचंच जास्त वाटतं.

आता म्हणाल, भागवतच सांगतं ना आसक्ती वाईट. सांगतं, पाचव्या स्कंधात स्पष्ट आहे, यमनियम, पूजा सगळं एकेक करून सुटत गेलं, मी कुठे लपवतो? पण त्याच स्कंधात पुढे तिसऱ्या जन्मी हाच भरत जडभरत होऊन पालखी खांद्यावर घेतो आणि रहूगणाला हिसके बसतात, का, तर पायाखाली जीव येऊ नये म्हणून हा बाणभर पुढचं बघून पाऊल टाकतोय. मग सुटलं काय आणि राहिलं काय? जुना मी म्हणेल, अहो बुवा, दया वेगळी, माया वेगळी, एवढं कळू नये? कळतं रे बाबा. मंडपात समजावता पण येतं. आजींना समजावता आलं असतं का?

त्या गावाचं बोलावणं परत आलं नाही. आख्यान नदीपाशी आलं की अजून पहिल्या रांगेकडे बघवत नाही, पेटीवाल्याला खूण करतो, अजून एक आवर्तन घे म्हणून. तिथेच उशीर होतो.