चार चाव्या शिकलेली गाडी

कराडला कोल्हापूर नाक्याजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. सेल्फ, अल्टरनेटर ही कामं पहिल्यापासूनची, चाव्यांची कामं गेल्या दहा-बारा वर्षांतली. ऑगस्ट २०२२ मधल्या एका गुरुवारी जे काम केलं त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण त्या गाडीत मी आधी दोनदा चुकलो होतो आणि त्याची झळ एका आजारी बाईला बसत होती.

गाडी पेट्रोलची, छोटी, पांढरी, नंबर एमएच ०८ चा, म्हणजे रत्नागिरीचा. मालक पाटणकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. काकूंच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिस. चार तास मशीनवर पडून राहिल्यावर एसटीच्या गर्दीत पाटण गाठायचं म्हणजे माणसाचे हाल. म्हणून गुरुजींनी फंडातले पैसे काढून ही सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्याने चावी एकच दिली. दुसरी हरवली म्हणाला.

जुलैच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा आले. सकाळी चावी फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिन उचलतं आणि दोन सेकंदांत गप्प. मीटरवर चावीचं पिवळं चिन्ह लुकलुकत राहतं. दुपारी जरा ऊन पडलं की तीच गाडी एका झटक्यात चालू. हे ऐकलं की कुणीही इलेक्ट्रिशियन इमोबिलायझरचं, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचं नाव घेईल, आणि ते खोटंही नसतं.

चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या बॅरलभोवती तांब्याच्या तारेची रिंग बसवलेली असते. चावी आत गेली की ती रिंग चिपला जागं करते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर, आणि चिपला लागणारी वीजही त्याच लहरींतून मिळते. चिपचं उत्तर जुळलं तर इंजिनाचा कंप्युटर गाडी चालू ठेवतो, नाहीतर बंद करतो. दार उघडायचं रिमोट हे वेगळं खातं, नाण्यासारखा सेल लागतो तो त्याला. गुरुजींनी माझ्याकडे यायच्या आधी तो सेल दोनदा बदलून घेतला होता. दोन्ही वेळा पैसे गेले, गाडी त्याने सुरू होणारच नव्हती.

मी त्यांचं जुडगं हातात घेतलं. त्यात घराच्या, कपाटाच्या चाव्यांबरोबर जावयाच्या गाडीची चावीही होती. दोन चिपा रिंगच्या टप्प्यात एकदम आल्या की दोघी एकाच वेळी बोलतात आणि गाडीला एकीचंही नीट ऐकू येत नाही. हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय. ती चावी वेगळी करायला सांगितली. पुढचे आठ दिवस गाडी मुकाट चालली. त्या आठ दिवसांत पावसाने उघडीप दिली होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्यांदा आले तेव्हा मी बॅटरी तपासली. सेल्फ मारताना नऊ व्होल्टवर बसत होती. जुनीच होती, बदलली. रिंगही नवी टाकली. पुन्हा चार दिवस बरे गेले. मग गुरुजींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसरीकडे आठ हजार देऊन नवी चावी बनवून घेतली. तिथेही तेच. आणखी एकाने सांगितलं, इमोबिलायझरच उडवून टाकू, कटकट संपेल. तेवढं करण्याआधी त्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, गुरुजी, तसं करू नका. ते काढून टाकलं की त्या मापाची कुठलीही कोरी चावी घासून गाडी नेता येते. आणि मूळ दुखणं आत तसंच राहतं.

तोपर्यंत दुखणं वाढलं होतं. रात्री दोन-तीनला दारात उभ्या गाडीचा सायरन वाजायचा. दारांची लॉकं आपोआप खटखट वर-खाली व्हायची. एकदा पहाटे डाव्या बाजूची काच पूर्ण खाली आलेली, सीटवर पाऊस. वाडीतल्या लोकांनी नारळ फोडायला सांगितला. काकूंनी तोही फोडला.

त्या गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला गुरुजी रिक्षाने दुकानात आले, काकूंना घेऊन. डायलिसिस झालं होतं आणि गाडी हॉस्पिटलच्या गेटमध्येच अडकली होती, सुरूच होईना. मागे गाड्यांची रांग लागली, वॉचमन ओरडला, चौघांनी ढकलून ती बाजूला केली. हे सांगताना गुरुजींचा आवाज कापत होता. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस, त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. काकूंच्या दंडाला पट्टी, चेहरा पांढराफटक. बायकोने आतून पाण्याचा तांब्या आणला. काकूंनी घोटभरच घेतलं. त्यांना पाणी मोजून असतं.

मी पोराला पाठवून गाडी टोचन करून आणली. स्कॅनर लावला. तेच जुने फॉल्ट: चावी ओळखली नाही, बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी (दारं, काचा, चावी सांभाळणाऱ्या डब्याशी) संपर्क तुटला, व्होल्टेज कमी. मी पुन्हा बॅरलचं कव्हर खोलायला घेतलं. तेवढ्यात बाकावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "दादा, त्या गाडीत पुराचा वास येतो."

मला आधी कळलं नाही. त्या म्हणाल्या, "माझं माहेर सांगलीचं. एकोणीसच्या पुरात भावाचं घर छतापर्यंत पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो तेव्हा गाद्यांना, कपाटांना जो वास होता ना, तो माझ्या पायाशी येतो. आणि पाय ओले होतात. ह्यांना सांगितलं, हे म्हणतात पावसाचं आहे."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. काकू बसतात ते डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि कार्पेटवर तळहात दाबला. वरून कोरडं, पण जोर दिला तसं बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. मग सीटबेल्ट ओढला, शेवटपर्यंत, रिळावर एरवी कधी उलगडत नाही तेवढा. शेवटच्या दीड हातावर चहाच्या रंगाची आडवी रेघ होती. त्या रेघेच्या खालचा पट्टा कडक झालेला. गाडी धुणारा सीट धुतो, कार्पेट धुतो, पण पट्टा शेवटपर्यंत ओढून कुणी धुत नाही.

सीट काढली, कार्पेट उचललं. खालचा फोम भिजून जड झाला होता. त्याखाली पत्र्यावर मैद्यासारखा बारीक, करडा गाळ, कोपऱ्यांत बोटभर जाड. पाय ठेवायच्या जागेपाशी सगळ्या अर्थिंग वायरी एका बोल्टला येऊन मिळतात. त्या बोल्टवर हिरवं-पांढरं फूल धरलेलं, तुरटीसारखं. मी वायरिंगवरची टेप सोलली. वरचं प्लॅस्टिक नवंकोरं दिसत होतं. ब्लेडने ते चिरलं तर आतलं तांबं काळं-हिरवं, आणि चिमटीत धरून वाकवलं तशी तार मोडून बोटांवर भुकटी झाली. हे वीतभर आतपर्यंत गेलेलं. पाणी वायरच्या आतून तारेतारेने चढतं, म्हणून तोंडाशी साफ करून भागत नाही.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं मॉड्यूलच्या अर्थिंगला, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितला. २.७ व्होल्ट. चांगल्या अर्थिंगवर हा आकडा ०.२ च्या आत लागतो. सेल्फच्या वेळी बॅटरी आधीच दहाच्या आसपास येते. त्यातून हे वजा केले तर चावी ओळखणाऱ्या डब्याला उरतात सात. तो बिचारा अर्ध्यात झोपतो, चावीचं उत्तर ऐकायला जागाच राहत नाही. ऊन पडलं, ओल सुकली की तोच जोड थोडा बरा चालतो, म्हणून दुपारी गाडी चालू. दाराच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्येही गाळ होता. ओल्या गाळातून एका पिनेची वीज शेजारच्या पिनेला पोचत होती. गाडीला वाटायचं कुणीतरी काचेचं बटण दाबलंय, कुणीतरी दार उघडलंय. सायरन तिच्या समजुतीप्रमाणे बरोबरच वाजत होता.

मी गुरुजींना गाडीचे कागद मागितले. विक्रीचे जुने कागद फाइलमध्ये होते. पहिला मालक चिपळूणचा, गाडी विकलेली ऑक्टोबर २०२१ मध्ये. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, बाजारपेठ बुडाली, हजारो गाड्या पाण्यात होत्या. कराडपासून कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, शंभरेक किलोमीटर. त्या पावसाळ्यानंतर तिकडच्या बऱ्याच गाड्या धुऊन-पुसून आमच्या भागात आल्या. पहिल्या मालकाला मी दोष देणार नाही, त्याचं घरदारही पाण्यात गेलं असेल. पण मधल्या विक्रेत्याला नक्की माहीत होतं. त्याने कार्पेट काढून धुतलं होतं, कारण ते परत बसवताना एसीच्या पाण्याची नळी निसटून आतच राहिली होती. पुराचं पाणी कधीच आटलं असतं. पण रोज काकूंसाठी एसी लावला की दोन-चार पेले पाणी त्याच बोल्टवर सांडत होतं. खरं सांगून पंचवीस-तीस हजार कमी घेतले असते तरी गुरुजींनी ती गाडी घेतली असती आणि आधी वायरिंग करून घेतलं असतं.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्री, हिने मला तीन महिन्यांपूर्वी वासाचं सांगितलं होतं." मी म्हटलं, "गुरुजी, मी तर विचारलंही नव्हतं." दोनदा गाडी माझ्याकडे आली, दोन्ही वेळा मी चालवणाऱ्याशी बोललो. शेजारी बसणाऱ्याला काय जाणवतं ते कधी विचारलंच नाही.

बायकोने काकूंना मागे घरात नेऊन झोपवलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला. वायरी वीतभर मागे, तांबं लालभडक लागेपर्यंत कापल्या, नव्या तारेचे तुकडे सोल्डर केले, वर गरम करून आवळणारी नळी चढवली, टोकांना नवे लग, म्हणजे बोल्टला अडकवायच्या कड्या, दाबून बसवले. कनेक्टरच्या सहा पिना बदलल्या. एसीची नळी बाहेर काढून क्लिप मारली. फोम टाकून दिला. रात्री पावणेनऊला पुन्हा मीटर लावला: ०.०८. चावी फिरवली. पिवळं चिन्ह एकदा उजळलं आणि विझलं. वीस वेळा चालू-बंद केली, वीस वेळा चालली.

सगळं झाल्यावर सवयीने इमोबिलायझरचं पान उघडलं. स्क्रीनवर आकडा होता: शिकलेल्या चाव्या, ४.

हातात दोन. एक विकताना मिळालेली, एक आठ हजारांची. म्हणजे ही गाडी चालू करू शकणाऱ्या आणखी दोन चाव्या कुठेतरी होत्या. एक कदाचित पुरात वाहून गेली असेल. दुसरी? पुरानंतर गाडी ज्याच्या ताब्यात दोन-तीन महिने होती त्याने खिशात ठेवली नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नव्हतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यातला शंभरात एकही हा आकडा बघून घेत नाही. मी स्वतः आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय चावी करत नाही. गेल्या वर्षी एक पोरगा मोबाइलवर चावीचा फोटो घेऊन आला होता, त्याला दारातून परत पाठवला. पण सगळे तसं करत नाहीत.

जुन्या चाव्यांची नोंद गाडीतून पुसायला त्या गाडीला सिक्युरिटी कोड लागतो. कोडचं कार्ड गुरुजींकडे नव्हतं. आरसी आणि आधारची प्रत देऊन तो कंपनीकडून मागवला, यायला दोन दिवस लागले. तोवर गाडी माझ्याच दुकानात, शटरच्या आत ठेवली. शनिवारी चारही चाव्या पुसल्या आणि हातातल्या दोन नव्याने शिकवल्या. आकडा २ झाला. गुरुजींना हेही सांगितलं की नोंद पुसली म्हणजे जुन्या चावीने इंजिन चालू होणार नाही, पण तिचं पातं दार अजून उघडेल. ते म्हणाले, मग दाराचं लॉकही बदला. पुढच्या आठवड्यात बदललं.

मजुरीतून मी आधीच्या दोन खेपांचे पैसे वजा केले. ते घेत नव्हते, वाद झाला, शेवटी काकूंनी मध्ये पडून मिटवलं.

सोमवारी डायलिसिसहून परत जाताना गाडी दुकानासमोर थांबली. धो धो पाऊस होता. गुरुजींनी मुद्दाम इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. डावीकडची काच अर्धी खाली आली. काकूंनी वाकून पायाखाली हात फिरवला आणि तळहात मला दाखवला. "कोरडं आहे, दादा," म्हणाल्या. "आता काच वर घेते, पाऊस आत येतोय."