जेआरपीजी हा मांडीवर घेऊन खेळायचा प्रकार आहे

मे महिन्यात भाचा आला होता. पुण्यात वाढलेला, अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, घरी ५५ इंची टीव्हीला प्लेस्टेशन जोडलेलं. माझ्या हातातला व्हिटा, म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र, बघून म्हणाला, "मामा, एवढ्याशा पडद्यावर ऐंशी तासांचा गेम? डोळे जातील की तुझे."

मी म्हटलं, "डोळे हळदीच्या धुरळ्यानं आधीच गेलेत. तू बस खाली."

मग रात्री भडंग संपेपर्यंत वाद झाला आणि नेहमीप्रमाणे मी हरलो, कारण बोलताना मला मुद्दे सुचत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचा हिशोब, लिहिताना सुचतात. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच, की जपानी रोल प्लेइंग गेम, म्हणजेच जेआरपीजी, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन लांबलचक गोष्ट खेळायचे गेम, हे टीव्हीसमोर ठाण मांडून खेळायचे नव्हेतच. ते लोडाला टेकून, एसटीच्या खिडकीशी, गल्ल्यामागं, मांडीवर घेऊन खेळायचे. टीव्हीवर ते चालतात, नाही असं नाही. पुरणपोळी काट्याचमच्यानंही खाता येते.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही, भारनियमनानं शिकवलंय. २००८ ची गोष्ट असेल. गावभागातलं आमचं जुनं घर, मित्राकडून उसना आणलेला पीएस टू (टीव्हीला जोडायचा जुना प्लेस्टेशन) आणि फायनल फँटसी टेन. ज्यांनी तो खेळलाय त्यांना युनालेस्का आठवत असेल. तिच्या लढाईआधी एक लांबलचक प्रसंग येतो आणि मूळच्या गेममध्ये तो गाळून पुढं जाता येत नाही. हरलात, की पुन्हा सगळा बघायचा. मी हरत नव्हतो हो, लाईट हरत होती. तीन दिवस ओळीनं, तिसऱ्या रूपापर्यंत बाई पोचली की पंखा बंद, टीव्ही बंद, आणि शेवटचं सेव्ह पार त्या देवळाच्या अलीकडं. चौथ्या दिवशी आईनंच पेपरातलं भारनियमनाचं वेळापत्रक कापून टीव्हीवर चिकटवलं. "त्या भवानीशी साडेसातनंतर भांड," म्हणाली.

पुढच्या वर्षी जुना पीएसपी, म्हणजे सोनीचाच हातातला प्लेस्टेशन, घेतला. उजव्या बाजूचं ते बटण सरकवलं की गेम जागच्या जागी झोपतो आणि परत सरकवलं की त्याच क्षणाला उठतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चार-पाच वेळा नुसतं तेच करत बसलो होतो. तलवार हवेत, बटण सरकवलं, जेवून आलो, परत सरकवलं, तलवार हवेतच. पडदा ४.३ इंचांचा. पण लाईट गेली तरी त्या ४.३ इंचांत उजेड होता, आणि आमच्या आख्ख्या बोळात तेवढाच.

यात नवल नाही. हातातल्या गेमचा जन्मच मुळी रिकामा वेळ मारण्यातून झालाय. निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी म्हणे आगगाडीत एका कंटाळलेल्या नोकरदाराला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहिलं आणि त्यातून १९८० चा गेम अँड वॉच सुचला. मग १९८९ ला गेम बॉय. तो बनवतानाही स्वस्त झालेलं, मळलेल्या वाटेचं तंत्रज्ञान घेतलं. पडदा बिनरंगी, शेवाळी. समोर रंगीत पडद्याचे स्पर्धक होते, त्यांना सहा-सहा सेल लागायचे आणि तेही बघता बघता संपायचे. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा. कोण जिंकलं ते सांगायला नको. आमच्या यार्डातला कुठलाही अडत्या हा हिशोब न शिकवता करेल.

आता दुकानाचं. हळदीच्या हंगामात सौदे सुरू असतात तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते, पण सौदा संपून तोलाई सुरू झाली की मधे मधे पाच-दहा मिनिटांच्या फटी पडतात. हमाल पोती लावतायत, शेतकरी चहाला गेलाय. अशा फटीत मारधाडीचा गेम खेळून बघा. हाक आली आणि मान वर केली की मेलात. बऱ्याच जेआरपीजीत मात्र पाळीपाळीनं डाव असतो. समोर सात डोक्यांचा राक्षस आ वासून उभा आहे, मी तेवढ्यात तीस पोत्यांची पट्टी लिहितो, हमाली-तोलाई वजा करतो, शेतकऱ्याला पैसे मोजून देतो, आणि परत येतो तर बिचारा तसाच उभा. एवढं सौजन्य आमच्या पेढीवर व्यापारीही दाखवत नाहीत.

म्हणून हल्ली मोठ्या कंपन्या पाळीपाळीचा डाव सोडून धावपळीच्या लढाया आणतात तेव्हा मला वाईट वाटतं. २०२३ चा फायनल फँटसी सिक्स्टीन दिसायला देखणा आहे, पण तो माझ्यासाठी नाही. ड्रॅगन क्वेस्टवाल्यांनी १९८६ पासून ही रीत बरीचशी सांभाळली, त्याबद्दल त्याचे कर्ते युजी होरीई यांना दंडवत. त्या पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये सेव्हची सोय नव्हती. देवाचा मंत्र द्यावा तसा राजा वीस अक्षरांचा मंत्र द्यायचा, तो वहीत लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. आमच्या रोजमेळासारखंच म्हणायचं.

"पण मामा, ग्राइंडिंग बोअर होतं," हा भाच्याचा दुसरा मुद्दा. त्याच त्या भुतांना मारून ताकद वाढवत बसायचं, याला ते लोक ग्राइंडिंग म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्याकडं तो आधीपासून आहे. दळण! आणि दळणाचं असं आहे, की गिरणीसमोर नुसतं उभं राहिलं तर जीव जातो, पण डबा लावून शेजारी गप्पा मारत बसलं की कळतही नाही. टीव्हीसमोर दोन तास दळण दळणं ही शिक्षा आहे. मांडीवर यंत्र, समोर क्रिकेटची मॅच, बायको भाजी निवडतेय आणि मी मधून मधून एक-दोन शेंगा सोलतोय, अशात लेव्हल ४० कधी झाली ते समजत नाही. बायकोच्या मते मी एक-दोनच शेंगा सोलतो, हे खरं आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. पीएसपीसाठी मी इथंच एका दुकानातून मेमरी कार्ड घेतलं. डबी चकाचक, किंमत निम्मी. नाव लिहीत नाही, दुकान आता मोबाईलची कव्हरं विकतं. त्या कार्डावर मी ट्रेल्स इन द स्कायचे बावन्न तास घातले. फाल्कॉम कंपनीचा हा गेम जपानात २००४ ला आला, आणि इंग्रजीत पीएसपीवर पोचायला २०११ उजाडलं. इतका मजकूर आहे त्यात. गोष्टीत जरा काही घडलं, की गावातला पाववाला, पहारेकरी, पुलावरची म्हातारी सगळे नवीन काहीतरी बोलतात. मी प्रत्येकाला दर वेळी जाऊन भेटायचो, लग्नघरात फिरावं तसा. त्रेपन्नाव्या तासाला कार्डानं मान टाकली. नकली होतं. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून बघा." मारलं. आत काहीच उरलं नाही, म्हातारीसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट, पर्सोना फोर. मूळचा २००८ चा पीएस टूवरचा, पण खरा गेम म्हणजे २०१२ ला व्हिटावर आलेला त्याचा वाढवलेला अवतार, पर्सोना फोर गोल्डन. मी पहिल्यांदा २०१५ मध्ये खेळलो. शहरातला मुलगा वर्षभरासाठी इनाबा नावाच्या लहान गावात नातेवाइकांकडं राहायला येतो. इंग्रजीत तो नातेवाईक 'अंकल' आणि त्याची चिमुरडी मुलगी 'कझिन'. भाच्यानं तिथंच विचारलं, "हा डोजिमा काका आहे की मामा?"

मी म्हटलं, नीट ऐक, तो सुरुवातीलाच सांगतो, तुझ्या आईचा धाकटा भाऊ. म्हणजे मामा. आणि नानाको मामेबहीण. ती त्याला दादा म्हणते. आता सगळा गेम परत डोळ्यांसमोर आण. शाळेचं वर्ष आहे, खून आहेत, टीव्हीच्या आतलं जग आहे, पण मुळात हा पोरगा मामाच्या गावाला आलाय. 'अंकल' म्हटलं की तो नुसता पोलीस खात्यातला एक थकलेला माणूस वाटतो. मामा म्हटलं की तो रात्री उशिरा येऊन न जेवता झोपतो, तेव्हा आपल्याला लागतं.

आणि गाव तरी कसं! पेठेतली दुकानं एकेक करून बंद पडतायत कारण गावाबाहेर जुनेस नावाचं भलंमोठं दुकान आलंय. त्याच्या मॅनेजरचा मुलगा यांचाच दोस्त, आणि त्याला पेठेत टोमणे. हे वाचून आमच्या कापड पेठेतल्या कुणालाही वाटेल की कुणी सांगलीत राहून लिहिलंय. नदीकाठाचं नावसुद्धा सामेगावाचं पूरमैदान असं आहे. पूरमैदान! तिथं हा मासे धरतो.

इनाबात ओळीनं काही दिवस पाऊस पडला की धुकं येतं, आणि त्याआधी टीव्हीच्या आत अडकलेल्या माणसाला सोडवलं नाही तर खेळ खलास. म्हणून रोज घरातल्या टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघायचा. सांगलीच्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. आपण ऑगस्टात उठल्या उठल्या आयर्विन पुलाची पातळी बघतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ती ५७ फुटांवर गेली तेव्हा आमचं गावभागातलं घर सोडून आम्ही विश्रामबागेत माझ्या मामाकडं होतो. एका खोलीत नऊ माणसं. मी दुसऱ्यांदा पर्सोना खेळत होतो, मामाच्या इन्व्हर्टरवर चार्ज करून. आवाज बंद. मामा मधून मधून कुणाला तरी फोन लावून पातळी विचारायचा आणि मी पडद्यावर इनाबाचा अंदाज बघायचो. दोन्हीकडं पाऊसच.

व्हिटाबद्दल एवढंच सांगतो, की यंत्र सुरेख होतं आणि त्याच्या स्वतःच्या वेगळ्या, महागड्या मेमरी कार्डांनी त्याचं वाटोळं केलं. माझ्या नशिबात कार्डं लिहिलेलीच नाहीत. २०१७ ला निन्टेंडोचा स्विच आला आणि माझं म्हणणं खरं ठरलं: टीव्हीला लाव नाहीतर उचलून घेऊन जा. ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन मी सगळा सांगली-पुणे एसटीत उरकला. स्टीम डेक एका मित्राकडं हातात घेऊन बघितला. चांगला आहे, पण आडवं पडून खेळता खेळता झोप लागली तर नाक फुटेल.

जाताना भाचा व्हिटा मागून घेऊन गेला. मी बजावलं, सगळ्यात वरचं सेव्ह माझं आहे, त्याला हात लावायचा नाही. जूनच्या शेवटी फोन.

"मामा, मी गेममध्ये नोव्हेंबरात आलोय."

"बरं मग. पुढचं काही मी सांगणार नाही."

"ते नको. पण मी तुझं वरचं सेव्ह बघितलं, नुसतं बघितलं, उघडलं नाही. तूपण नोव्हेंबरातच आहेस. तिथंच का थांबलास?"

"पाणी उतरलं, घर धुवायला गेलो."

"मग नंतर?"

"नंतर राहून गेलं," मी म्हटलं. "तू दुसऱ्या ओळीत सेव्ह करतोयस ना?"