मिसिसिपीच्या वाळूवर जायला मिरजेची चिठ्ठी

‘हृदयविकार आहे किंवा पूर्वी होता का? हो / नाही.’

नदीवरच्या एका सहलीच्या ऑनलाइन फॉर्मच्या तिसऱ्या पानावर हा प्रश्न आहे. तिथे ‘हो’वर टिचकी मारली की पुढचं सगळं बदलतं. तोपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. तारीख निवडली, कार्डावरून पैसे गेले, ‘तुमच्या जागा राखून ठेवल्या आहेत’ असा निरोपही आला. राखून ठेवल्यात म्हणजे पक्क्या झाल्या असं नाही, हे खाली बारीक अक्षरांत होतं. प्रत्येकाचा जबाबदारीमुक्तीचा (म्हणजे काही झालं तर कंपनी जबाबदार नाही असा) फॉर्म निघायच्या ४८ तास आधी पुरा झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

सहल कसली ते आधी सांगते. आम्ही अमेरिकेत सेंट लुईसला राहतो. शहराच्या उत्तरेला मिसुरी नदी मिसिसिपीला मिळते आणि त्या संगमाच्या खाली काही मैलांवर ‘चेन ऑफ रॉक्स’ नावाचा खडकाळ टप्पा आहे. मालवाहू बार्जना तिथून जाता येत नाही म्हणून शेजारून कालवा काढलाय, तो १९५३ साली सुरू झाला. बार्ज सगळे त्या कालव्याने जातात, त्यामुळे मूळ नदीचा हा तुकडा शहराला चिकटून असूनही मोकळा राहिलाय. मोसेन्थाइन बेट इथेच आहे. उन्हाळा सरताना पाणी उतरलं की त्याच्या कडेने वाळूचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. दहा-बारा माणसं बसतील अशा मोठ्या कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या लांबट होडीतून, सोबत दोन मार्गदर्शक घेऊन तिकडे जायचं, वाळूवर जेवायचं, हिंडायचं आणि दुपारी परत. माझे आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते आणि मॉल बघून बघून कंटाळले होते. मंडळाच्या गणपतीमुळे सप्टेंबरातला एकच शनिवार मोकळा होता, म्हणून मला ही तारीख सोडायची नव्हती.

तर फॉर्म. एका ईमेलवर एकच माणूस. आई-बाबांचे ईमेल मीच बघते आणि ते दोघांचं मिळून एकच आहे. आईचा भरला, मग बाबांचा भरला, तर आईचा गायब. सहलवाल्यांच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई आधी शांतपणे शोधत राहिल्या, मग एकदम आनंदाने म्हणाल्या, “अय्या, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी! १ जून! किती गोड!” आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून असतो, तो शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेला असतो, हे त्यांना कुठे समजावत बसू? गोडच आहे म्हटलं. आईसाठी नवं ईमेल उघडलं.

पुढचा प्रश्न: आणीबाणीत कोणाला कळवायचं? अट अशी की तो माणूस त्या सहलीला येणारा नको आणि नंबर अमेरिकेतला हवा. आता आई-बाबांना या देशात ओळखणारी जेवढी माणसं, ती सगळी त्याच होडीत बसणार! शेवटी आमचे शेजारी, निवृत्त पोस्टमन, त्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. नात्याच्या रकान्यात चार-पाचच पर्याय होते, मी ‘मित्र’ निवडलं. बाबा खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. “हा माझा मित्र कधी झाला?” मग दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी जाऊन त्यांनी त्या गृहस्थांना भडंग दिलं, म्हणाले, आता फॉर्म खोटा नको ठरायला.

आणि मग तो तिसऱ्या पानावरचा प्रश्न. बाबांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, एक स्टेंट आहे. रोज सकाळी तासभर चालतात, जिने चढतात, काही त्रास नाही. “नाही लिही,” बाबा म्हणाले. “कोण बघतंय?” आई म्हणाली, “नाहीच लिही.” नवरासुद्धा गप्प राहिला, म्हणजे त्याचंही तेच मत होतं. मी ‘हो’ केलं. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात आधीच्या आजारांबद्दल कंपन्या मुळात हात आखडता घेतात, त्यात आपल्याच सहीचा खोटा कागद त्यांच्या हाती कशाला द्यायचा? शिवाय नदीवर काही झालं तर मार्गदर्शकाला खरं काय ते माहीत असायला हवं. हे मी आजही सांगेन: फॉर्ममध्ये खरं लिहा. पण खरं लिहिण्याची शिक्षा काय होते तेही ऐका.

मिनिटभरात आपोआप मेल आलं. ‘परवानाधारक डॉक्टरांचं पत्र जोडा. गेल्या ३० दिवसांतलं हवं. वाहत्या पाण्यात वल्हवण्यास ही व्यक्ती सक्षम आहे असा स्पष्ट उल्लेख हवा.’

बाबांचे हृदयरोगतज्ज्ञ मिरजेला. त्यांची संध्याकाळची ओपीडी सहाला सुरू होते, तेव्हा आमच्याकडे सकाळचे साडेसात. मुलांचा डबा भरता भरता फोन. डॉक्टरांचा माणूस फार चांगला, म्हणाला, “ताई, उद्या देतो, काळजी करू नका.” उद्या पत्र आलं, व्हॉट्सॲपवर, तिरका फोटो, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. ‘पेशंट विमानप्रवासास तंदुरुस्त.’ पुन्हा फोन. विमान नाही, होडी. “होडी? अमेरिकेत?” हो, अमेरिकेत. दुसरं पत्र: ‘नौकाविहारास हरकत नाही.’ मी शांतपणे वल्ह्याचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कुजबुज झाली, मग खुद्द डॉक्टर फोनवर आले. “वल्हं बाबा मारणार? मग जमेल की. हळू मारू दे म्हणावं.” तिसऱ्या पत्रात बरोब्बर सगळं आलं, खाली गोल शिक्का आणि सही.

ते जोडलं, तर कार्यालयाकडून उत्तर: अमान्य, ‘परवानाधारक’ या निकषात बसत नाही. कोणाचा परवाना, कुठला, हे फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नाही. फोन केला तर आधीच्या बाई नव्हत्या, दुसरं कोणी होतं. त्यांचं म्हणणं, अमेरिकेतल्या डॉक्टरचं पत्र आणा. इथल्या अर्जंट केअरमध्ये, म्हणजे वेळ न ठरवता जाता येतं अशा दवाखान्यात, विचारलं तर म्हणाले, आम्ही या माणसाला कधी पाहिलेलं नाही, ईसीजी, जुनी कागदपत्रं, कदाचित कार्डिओलॉजिस्टकडे पाठवू, आणि विमा असल्या तपासणीचे पैसे देत नाही, तुम्ही भरायचे. म्हणजे चार तासांच्या सहलीसाठी सहलीच्या कितीतरी पट खर्च. मी कार्यालयाला तीन वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं की परदेशी डॉक्टर चालत नाही असं कुठे लिहिलंय. तिन्ही वेळा तेच मेल परत आलं, पहिलं वाक्यसुद्धा न बदलता. त्या दिवसांत मी जेवायच्या टेबलवर कोणाशी धड बोलत नव्हते. बाबा सारखं म्हणायचे, “अगं जाऊ दे, मी काठावर बसतो.” याचा तर मला जास्तच संताप यायचा.

सुटका झाली ती एका बाजूच्या वाटेने. पैसे भरल्यावर जो पहिला निरोप आला होता, त्याच्या तळाशी मार्गदर्शकाचं नाव आणि नंबर होता, ‘नदीची पातळी विचारायची असेल तर’ म्हणून. मी पातळी विचारायला फोन केला आणि बोलता बोलता हे सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही, वैतागलाही नाही. त्याने तीन प्रश्न विचारले: न थांबता दोन मजले चढतात का? जमिनीवर बसले तर हात न देता उठतात का? पाण्यात पडले तर घाबरून धडपडतील का, की जॅकेटवर निवांत तरंगतील? शेवटच्या प्रश्नाला मी फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी मोडक्या इंग्रजीत त्याला कृष्णेत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला कसे शिकलो ते सांगितलं. दहा मिनिटं दोघं बोलले. मग त्याने मला सांगितलं, त्याच मिरजेच्या पत्रात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दिसू दे आणि गोळ्या कुठल्या ते लिहून दे, बाकी मी बघतो. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा क्रमांक लेटरहेडवर होताच, तिरक्या फोटोत कापला गेला होता. सरळ स्कॅन मागवला. दुपारपर्यंत ‘मान्य’.

म्हणून पहिला सल्ला: अशा सहलीत कार्यालयाला विचारू नका, नदीवर जो नेणार आहे त्याला गाठा. आणि डॉक्टरांचं पत्र भारतातून निघतानाच घेऊन या. ३० दिवसांची अट असली तरी मूळ कागद हातात असला की नवी तारीख घालून मिळायला एक फोन पुरतो.

पातळीचं राहिलंच. निघायच्या आदल्या संध्याकाळी मार्गदर्शक सेंट लुईसच्या मापकावरची पातळी बघून जायचं की नाही ते कळवतात. इथे ३० फुटांना पूर धरतात. १९९३ च्या ऑगस्टमध्ये ४९.५८ फूट झाली होती, तो उच्चांक. आमच्या घरात या आकड्यांनी बाबा एकदम खुलले. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. दोन्हीकडचं शून्य वेगवेगळं, त्यामुळे फुटाला फूट लावायचा नाही (इथली पातळी कोरड्या काळात शून्याच्याही खाली जाते), पण रोज सकाळी ‘आज किती?’ असं विचारण्याचा बाबांचा हक्क मी काढून घेतला नाही.

प्रत्यक्ष दिवस फार सोपा गेला. चेन ऑफ रॉक्सच्या खडकांपाशी नदीत एक बंधारा आहे, आम्ही त्याच्या खालच्या बाजूने निघालो, त्यामुळे तो ओलांडायचा प्रश्न नव्हता, नुसता त्याचा आवाज येत होता. कधीकाळी ६६ क्रमांकाचा प्रसिद्ध रस्ता ज्यावरून जायचा तो जुना चेन ऑफ रॉक्स पूल वरच्या अंगाला दिसतो, मधेच कोपरासारखा वाकलेला. तो १९२९ मध्ये सुरू झाला असं मार्गदर्शकाने सांगितल्याबरोबर बाबा म्हणाले, “आमचा आयर्विनपण एकोणतीसचाच.” त्यानंतर त्यांना वल्हं नीट धरायला कोणी शिकवायची गरज पडली नाही. होडीत जोडीजोडीने बसवतात, पुढच्याच्या तालावर मागच्यांनी मारायचं. आईने दहा-बारा वेळा मारलं आणि मग वल्हं मांडीवर ठेवून काठ बघत बसली. कोणी काही म्हटलं नाही.

वाळूवर पाय ठेवल्यावर आई म्हणाली, “हे तर चंद्रभागेचं वाळवंट!” तसं ते होतंही, फक्त माणसं नव्हती. वाळूत हरणांच्या खुरांचे ठसे, रॅकूनच्या पंज्यांचे छोट्या हातांसारखे ठसे, पाण्याच्या कडेला शिंपल्यांचे तुकडे, एक फुटका प्लॅस्टिकचा पिंप. जेवायला टर्कीचं सँडविच होतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तिची चव घेऊन मार्गदर्शक दोनदा परत आला.

आठवेल तसं सांगते. पाणी गुडघाभर दिसलं तरी जॅकेट काढायचं नाही. वाळूच्या पट्ट्याची कड सरळ तुटलेली असते आणि एका पावलावर पाणी डोक्यावर जातं. आमच्या गाईडने हे ओरडून सांगितलं, हसत नाही. स्वच्छतागृह नाही. झाडीमागे एक छोटा तंबू आणि त्यात पिशवी लावलेली बादली, एवढीच सोय. घरच्या बायकांना हे आधी सांगा, ऐन वेळी नको. पट्टे असलेली सँडल हवी, स्लिपर गाळात राहते (नवऱ्याची एक तिथेच आहे). चष्म्याला दोरी. ज्यांना साखर आहे त्यांनी खायचं हाताशी ठेवा, कारण वल्हवल्यावर भूक लवकर लागते. बाबांच्या जिभेखालच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गाईडच्या सीटखाली ठेवल्या होत्या, हे त्यानेच आधी सुचवलं होतं. आणि संगम बघायचा असेल तर तो या सहलीत येत नाही, वरच्या अंगाला आहे. आम्ही नंतर गाडीने संगमाच्या उद्यानात गेलो. दोन्ही पाण्यांचे रंग बराच वेळ वेगळे दिसतात, मिसुरीचं जास्त गढूळ. बाबांना हरिपूर आठवलं, कृष्णा-वारणेचं.

परत आल्यावर आठवड्याने कार्यालयाचं मेल आलं: ‘तुमचे फॉर्म ३१ डिसेंबरला रद्द होतील. पुढच्या वर्षी कृपया नव्याने भरावेत.’ सोबत आई-बाबांना वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी नोंद करून घेतल्याचा निरोप, दोघांना मिळून एकच.

पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना पेसमेकर आहे. गाईडचा नंबर मी फोनमध्ये ‘नदी’ या नावाने ठेवलाय.