मुंबईच्या हवेत कस्टम लूप: उघडायचा कधी, धुवायचा कसा

जानेवारीत खेळताना ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ७५ दाखवायला लागला, की लोक लूप खोलायला बसतात. लूप म्हणजे चिपवर बसणारे तांब्याचे ब्लॉक, पंप, टाकी आणि रेडिएटर हे सुटे भाग ट्यूबने जोडून पाण्याने कॉम्प्युटर थंड ठेवणारी साखळी. बहुतेक वेळा लूपला काहीच झालेलं नसतं, खोलीच दहा अंशांनी तापलेली असते. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. त्यामुळे नुसत्या तापमानावरून काही ठरवू नका. बघायचे ते दोन फरक.

पहिला फरक पाणी आणि खोली यांच्यातला. दुसरा चिप आणि पाणी यांच्यातला. पाण्याचं तापमान मोजायला जी-१/४ आट्यांचा, बुचासारखा दिसणारा सेन्सर मिळतो. मदरबोर्डवर दोन पिनांचा तापमान-हेडर असेल तर तो थेट तिथे लागतो. खोलीचं तापमान रेडिएटर जिथून हवा ओढतो तिथे घ्या, भिंतीवरच्या घड्याळात बघून नको. पंपाचा आणि पंख्यांचा वेग दरवेळी तोच ठेवा आणि लोड, म्हणजे गेमसारखं जड काम, अर्धा तास चालू दिल्यावरच आकडे लिहा, कारण लिटरभर पाणी स्थिरावायला तेवढा वेळ घेतंच. लूप नवा असतानाचे दोन्ही फरक कॅबिनेटच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवले, की पुढे वाद उरत नाही.

पहिला फरक तीन-चार अंशांनी वाढला तर दोष रेडिएटरचा किंवा पंख्यांचा, लूप उघडायचं कारण नाही. दुसरा वाढला तर ब्लॉकमध्ये काहीतरी अडकलंय, चिप आणि ब्लॉकमधली पेस्ट वाळलीय किंवा पंप मंदावलाय. प्रवाहाचा हिशेब सोपा आहे. ४०० वॉट उष्णता मिनिटाला ४ लिटर पाण्यात गेली तर ते पाणी पूर्ण फेरीत दीड अंशाच्या आसपास तापतं. प्रवाह १ लिटरवर आला तर जवळजवळ सहा अंश. पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की आधी ग्राफिक्स कार्डाकडे, या वादात म्हणूनच फारसा दम नाही. ज्या क्रमाने ट्यूब कमी लागेल तो क्रम चांगला.

आता धूळ. आपल्याकडची धूळ कोरडी नसते. बांधकामांची भुकटी, समुद्राकडची खारट ओल आणि वन-बीएचकेत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणारी फोडणीची वाफ, यांचा मिळून रेडिएटरच्या पात्यांवर चिकट थर बसतो. ब्लोअरने वरची धूळ उडते, थर तसाच राहतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा, मग हवा ज्या दिशेने जाते त्याच्या उलट्या बाजूने ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंगचं वाटोळं होतं. वर्षातून एकदा लूप रिकामा केलेलाच असतो, तेव्हा रेडिएटर बाहेर काढा, दोन्ही तोंडं बुचांनी बंद करा आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घातलेल्या कोमट पाण्याने बाहेरून धुवा. साध्या पाण्याने खळबळून एक दिवस उन्हात. हे काम मे महिन्यात उरका. जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे दाट पात्यांमधलं पाणी काय वाळणार?

पाण्याबद्दल. नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, तसं गोडं आहे, पण त्यात क्लोरीन आणि क्षार असतात, तेव्हा लूपमध्ये नको. आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. एसीच्या पाइपातून टपकतं ते आयतं डिस्टिल्ड वॉटर, असंही काही जण सांगतात. ते पाणी एसीच्या धुळकट पात्यांवरून आणि बुरशी धरलेल्या ट्रेमधून आलेलं असतं. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन मिळतो, तो आणा. ‘बॅटरीचं पाणी’ एवढंच म्हणू नका, त्याच काउंटरवर ॲसिडही विकतात. घरी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा ० ते २ आला तर वापरा.

या कॅनमधलं पाणी लूप आतून खळबळून धुण्यासाठी. शेवटी भरायचं ते बुरशीनाशक आणि गंजरोधक असलेलं तयार, पारदर्शक कूलंट. एक ३६० आणि एक २४० मिलिमीटरचा रेडिएटर असलेल्या लूपला साधारण एक लिटर लागतं. दुधाळ रंगाची कूलंट फोटोत देखणी दिसतात, पण त्यातले कण तळाशी आणि ब्लॉकमध्ये साचतात. रोजच्या मशीनमध्ये ती घालू नयेत. ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त मिळाला तरी तांब्याच्या ब्लॉकसोबत लावायचा नाही. पाण्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं.

काळी ईपीडीएम (रबराची) ट्यूब आणि पारदर्शक कूलंट असेल तर वर्षभर बिनघोर. पारदर्शक पीव्हीसी ट्यूब असेल तर सहा महिन्यांनी टाकीत टॉर्च मारा. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेला पदार्थ हळूहळू पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांमध्ये पांढरट लगदा होऊन बसतो. टाकीची भिंत आतून बोटाला बुळबुळीत लागली, वास आला तर ते शेवाळ-जंतूंचं काम. बिनरंगी पाण्याला निळसर-हिरवी झाक आली तर तांबं विरघळतंय, म्हणजे गंजरोधक संपलंय.

रिकामं करताना सगळ्यात खालचं तोंड उघडून पाणी येत नसेल तर टाकीवरचं बूच उघडा, आत हवा शिरल्याशिवाय पाणी बाहेर पडत नाही. ग्राफिक्स कार्डावर आणि वीजपुरवठ्यावर जुना टॉवेल टाका. ब्लॉक उघडण्याआधी फोटो काढा. आतली पातळ जेट प्लेट उलटी बसली तर प्रवाह बिघडतो आणि कारण सापडता सापडत नाही. खाचांमधून मऊ टूथब्रश फक्त खाचांच्या दिशेने, आडवा नाही. सोबत भांड्याचा साबण पुरतो. उघडं तांबं काळपटलं असेल तर लिंबाचा रस पाच मिनिटं, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी. निकेलचा मुलामा असेल तर लिंबू नको. तांब्याची भांडी घासायची पावडर कशालाच नको, तिचे कण खाचांत अडकतात. शिवाय नुसता काळपटपणा थंडाव्याच्या आड येत नाही, तो दिसायलाच वाईट. ॲक्रिलिकच्या झाकणाला स्पिरिट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात.

सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, चपटी झाली असेल तर परत वापरू नये. जुनी रिंग खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे रिंगेच्या मापाने रिंग शोधता येते. लावताना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने ईपीडीएम फुगतं. फिटिंग हाताने जेवढं वळतं तेवढंच. पाणी अडवते ती ओ-रिंग, तुमचं मनगट नव्हे. पाना लावला की ॲक्रिलिक तडकतं.

भरण्याआधी हवेची चाचणी. काटा असलेल्या हातपंपाने रिकाम्या लूपमध्ये ०.५ बार दाब भरून वीस मिनिटं थांबा. ही चाचणी चालू असताना एसी लावू नका. खोली ३२ वरून २४ अंशांवर आली तर कुठेही गळती नसताना काटा ०.०४ बारने खाली येतो आणि तुम्ही सगळी फिटिंग उगाच आवळत बसता. काटा स्थिर राहिला की मदरबोर्डची आणि ग्राफिक्स कार्डची वीज काढा, फक्त पंप वीजपुरवठ्याला जोडा आणि २४ पिनांच्या प्लगची १६ आणि १७ नंबरची पिन जंपरने (वायरच्या तुकड्याने) जोडून ठेवा, पण वीजपुरवठ्याचं बटण टाकी भरल्यावरच दाबा. टाकी भरा, पंप लावा, टाकी तळाला जायच्या आत बंद करा, परत भरा. डी-५ असो की डीडीसी, पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच असतं, कोरडा चालला की तो गेला. मग कॅबिनेट चारही बाजूंना तिरकं करून बुडबुडे काढा. पुढचे काही दिवस टाकीची पातळी थोडी खाली जाते. ती हवा निघत असते, गळती नव्हे.

राहता राहिला पावसाळा. चालू लूपवर दव धरत नाही, कारण पाणी हवेपेक्षा गरमच असतं. घोटाळा होतो तो रात्रभर २० वर एसी लावून झोपणाऱ्यांच्या खोलीत. बंद मशीनमधलं पाणी सकाळपर्यंत २१-२२ अंशांवर येतं. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतली वाफ पाणी होते तो अंश, २५ च्या आसपास असतो. बाल्कनीचं दार उघडलं, की ती हवा आत येऊन थंड धातूवर पाणी सोडते. पातळ बोर्ड लवकर गरम होतात, लिटरभर पाणी मात्र बराच वेळ थंड राहतं, म्हणून थेंब फिटिंगवर आणि ब्लॉकच्या कडेला दिसतात. अशा वेळी मशीन चालू करू नका. पंखा लावून तासभर थांबा, किंवा मुळात एसीच २६ वर ठेवा.

दव की गळती, हे टिश्यू पेपर सांगतो. दव सगळ्या फिटिंगवर सारखं असतं आणि टिपलेला टिश्यू वाळला की कोरा होतो. गळती एकाच जागी असते, पुसली तरी तिथेच परत येते आणि टिश्यूवर चिकट डाग ठेवते, कूलंट रंगीत असेल तर कडेला रंगही दिसतो.