कोपनहेगनमध्ये मराठीतून 'सुवर्णकाळ वॉक' घेतला, त्याचा अनुभव

कोपनहेगनला सप्टेंबरमध्ये गोल्डन डेज नावाचा फेस्टिव्हल असतो. १९९४ साली सुरू झाला तेव्हा त्याचा विषयच डॅनिश सुवर्णकाळ होता, म्हणजे साधारण १८०० ते १८५० ही पन्नास वर्षं. हान्स क्रिस्तियन अँडरसन, तत्त्वज्ञ किर्केगॉर, शिल्पकार थोरवाल्डसन, चित्रकार एकर्सबर्ग आणि त्याचे विद्यार्थी, बॅलेवाला बुर्नोनव्हिल, झालंच तर विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे १८२० साली दाखवणारा ओर्स्टेड, हे सगळे त्या काळातले आणि याच गावात राहिलेले. आता फेस्टिव्हलचे विषय बदलत गेलेत, पण माझ्यासाठी सप्टेंबर म्हणजे अजूनही सुवर्णकाळच.

आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी फार कमी लोक या कार्यक्रमांना जायचे. बरेचसे कार्यक्रम डॅनिशमधून, नावं अनोळखी, त्यात आपला गणपतीही याच सुमारास, मग कोण जातंय. न्यूहाउनला रंगीत घरांसमोर फोटो काढायचे, छोट्या जलपरीला भेटायचं, झालं कोपनहेगन. मला हे फार लागायचं, कारण डॅनिश शिकता शिकता मी या काळात पुरती गुंतले होते आणि वाटायचं की हे आपल्या लोकांना आपल्या भाषेत कुणीतरी सांगायला पाहिजे. मग मीच ग्रुपवर मेसेज टाकला की फेस्टिव्हलच्या दिवसांत एका शनिवारी मी मराठीतून वॉक घेणार आहे, अधिकृत प्रोग्रॅममध्ये नाही, आपला आपण, कोण येणार? वाटलं होतं त्यापेक्षा जास्त हात वर झाले. त्यात इकडे मुलांकडे आलेले बरेच आई-वडील होते. कामाच्या दिवशी पोरं ऑफिसला जातात आणि ही माणसं घरात बसून कंटाळतात, त्यामुळे ती सगळ्यात आधी तयार!

पहिलं काम म्हणजे काय सांगायचं ते ठरवणं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. नुसती नावं आणि सालं सांगत गेलं तर माणसं दहा मिनिटांत मोबाईल काढतात. म्हणून मी वहीत दोन रकाने केले, एका बाजूला कोपनहेगन, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी महाराष्ट्रात काय चाललं होतं ते, आणि मग मलाच धक्के बसायला लागले.

१८०३ च्या सप्टेंबरमध्ये असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तोच वेलस्ली चार वर्षांनी, ऑगस्ट १८०७ मध्ये, इथून जवळच्या क्यूए गावापाशी डॅनिश फौजेविरुद्ध लढला आणि जिंकला. त्यानंतर २ ते ५ सप्टेंबर इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा आणि रॉकेटं डागली, आणि ही काँग्रीव्ह रॉकेटं मुळात टिपू सुलतानच्या म्हैसूरच्या रॉकेटांवरून बनवलेली. शेकडो घरं जळाली, मुख्य चर्च जळालं, डॅनिश आरमार इंग्रज घेऊन गेले. पुढे १८१३ ला सरकारचं दिवाळं निघालं आणि १८१४ ला नॉर्वेही हातचा गेला. इकडे १८१८ ला पेशवाई बुडाली, त्याच वर्षी इथे एकर्सबर्ग कला अकादमीत प्रोफेसर झाला. १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इथे थोरवाल्डसनचं म्युझियम उघडलं, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या वेस्ट इंडीजमधल्या बेटांवरची गुलामगिरी संपली. म्हणजे ही सुंदर सुंदर चित्रं रंगवली जात होती तेव्हा तिकडे उसाच्या मळ्यात माणसं गुलाम म्हणून राबत होती, हेही मी सांगायचं ठरवलं, कारण सुवर्णकाळ म्हटलं की ते हमखास गाळलं जातं आणि मला ते बरोबर वाटत नाही.

दुसरं काम रूटचं. त्या काळचं कोपनहेगन तटबंदीच्या आत दाटीवाटीने वसलेलं, लाख-सव्वालाख माणसं, रात्री वेशीचे दरवाजे बंद. त्यामुळे बघण्यासारखं बरंचसं आजही पायी होतं, पण आपल्याबरोबर बाबागाड्या आणि गुडघेदुखीवाले आजी-आजोबा आहेत हे धरून चालायचं होतं. नवऱ्याला घेऊन मी एकदा पूर्ण रूट चालून बघितला, त्याच्या हातात घड्याळ. न्यूटॉर्व चौकात किर्केगॉरचा जन्म झाला, ते घर आता नाही, तर तिथे उभं राहून मी बोलत होते आणि वाऱ्याने त्याला माझं अर्धं ऐकूच येईना. तेव्हा ठरलं की उघड्यावर थोडक्यात बोलायचं आणि मोठी गोष्ट आडोशाला. कोंगेन्स न्यूटॉर्वहून न्योरेपोर्ट मेट्रोने एकच स्टेशन, तिथून राजाच्या बागेतून चित्रांच्या म्युझियमला, म्हणजे बागेत बाकंही मिळतात. शनिवार घेतला कारण सोमवारी ही म्युझियमं बंद असतात, कुणी प्लॅन करत असाल तर एवढं लक्षात ठेवा. अठराखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे फॅमिलीवाल्यांना परवडतं.

तिसरं, परवानगी. ग्रुप आणून आत कुणी माहिती सांगणार असेल तर आधी कळवा, असं एका म्युझियमने मेलवर सांगितलं, आणि दालनात मोठ्याने बोलू नका हेही. सुरुवातीला जरा हिरमुसले, पण त्यातूनच आमची पद्धत ठरली: गोष्ट बाहेर सांगायची, आत गेल्यावर फक्त बघायचं, दोन-दोन तीन-तीन जणांनी. मला विचाराल तर असं काही करणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं. चित्रासमोर कुणी बोलत असलं की माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

वॉकची सुरुवात व्होर फ्रू किर्कपासून, म्हणजे १८०७ मध्ये जळालेलं तेच चर्च, सी. एफ. हॅन्सनने नव्याने बांधलेलं, १८२९ मध्ये पूर्ण झालं. आत थोरवाल्डसनचा येशू दोन्ही हात पसरून उभा आणि दोन्ही बाजूंना संगमरवरी बारा शिष्य. बाहेर पायऱ्यांवर मी वेलस्लीची गोष्ट सांगितली तर एक काका एकदम पुढे आले, जालन्याचे, मुलीकडे आलेले. म्हणाले, "थांब थांब बाळा, हा आपल्या असईचाच वेलस्ली का? अगं असई आमच्याच जिल्ह्यात!" आणि मग काकांनीच पाच मिनिटं असई सांगितली, कैलना नदी कुठून येते, जुई कुठे मिळते, इंग्रजांनी नदी कुठे ओलांडली सगळं. मी गप्प उभी राहून ऐकलं. त्यानंतर ग्रुपमधला परकेपणा जो गेला तो गेलाच, लोक आपणहून प्रश्न विचारायला लागले.

थोरवाल्डसन म्युझियमला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. या माणसाचा बाप आइसलँडहून आलेला, लाकूड कोरणारा, जहाजांच्या पुढच्या टोकावरच्या मूर्ती करायचा. पोरगा अकराव्या वर्षी अकादमीत गेला, पुढे रोमला गेला आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिला. पैसे संपून परत यायची वेळ आली होती, तेवढ्यात थॉमस होप नावाच्या एका श्रीमंत माणसाने त्याच्या जेसनच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या एका वीराच्या, मूर्तीची संगमरवरात ऑर्डर दिली आणि मुक्काम वाढला. ती ऑर्डर पुरी व्हायला मात्र पंचवीस वर्षं लागली! १८३८ च्या सप्टेंबरमध्ये तो जहाजाने परत आला तेव्हा अख्खं गाव बंदरावर. तो दिवस म्युझियमच्या बाहेरच्या भिंतीवर चितारलेला आहे, गडद पार्श्वभूमीवर पिवळसर-तांबूस माणसं, होड्यांत उभं राहून टोप्या हलवणारी, आणि दुसऱ्या बाजूला पुतळे वाहून नेणारे कामगार, ओझ्याने वाकलेले. मला ती कामगारांची बाजू जास्त आवडते. राजवाड्याशेजारच्या इमारतीवर हमाल इतक्या मानाने रंगवलेत हे मी मुद्दाम सगळ्यांना दाखवलं. बिंडेसबोल या वास्तुकाराने ही इमारत राजाच्या घोडागाड्यांच्या जुन्या शेडमधून उभी केली. आत प्रत्येक छोट्या खोलीत एक मोठा पुतळा, भिंती लाल, हिरव्या, जांभळ्या, त्यापुढे पांढरा दगड असा उठून दिसतो की विचारू नका. मधल्या अंगणात स्वतः थोरवाल्डसनची समाधी. मुलांना मी एकच काम दिलं होतं, मेंढपाळ मुलाजवळ बसलेला कुत्रा शोधा. तो सापडल्यावर त्यांनी त्याच्यासमोर फतकल मारली ती उठेनातच, तिथल्या अटेंडंट बाईही हसत होत्या.

जेवणं झाल्यावर कोंगेन्स न्यूटॉर्व. शार्लोटेनबोर्गमध्ये अकादमी होती, एकर्सबर्ग तिथेच राहायचा आणि शिकवायचा, मुलांना घेऊन बाहेर उघड्यावर रंगवायला जायचा. शेजारी न्यूहाउनला २० नंबरच्या घरात अँडरसनने १८३५ मध्ये पहिल्या परीकथा लिहिल्या. राजाचे नवे कपडे आणि कुरूप बदकाचं पिल्लू आपल्याकडे सगळ्यांना पाठ, त्यामुळे इथे फार सांगावं लागलं नाही. पुढे मेट्रो.

स्टेटन्स म्युझियम फोर कुन्स्ट, म्हणजे ते चित्रांचं म्युझियम, त्याच्या बाहेर मी एवढंच सांगितलं की आत भव्यदिव्य काही शोधू नका. देशाकडे पैसे नव्हते, मोठमोठ्या राजेशाही ऑर्डरी आटल्या होत्या, चित्रं विकत घेणारे आता व्यापारी, बेकर, अधिकारी, त्यांच्या घरात मावतील अशी छोटी चित्रं हवीत. म्हणून या चित्रकारांनी खिडकी रंगवली, अंगण रंगवलं, गावाबाहेरचं तळं रंगवलं. माझं ठाम मत आहे की या काळाची खरी ताकद इथे आहे, पुराणातल्या प्रसंगांच्या मोठ्या चित्रांत नाही. र्‍योरब्यूच्या चित्रात नुसती उघडी खिडकी आहे, कट्ट्यावर कुंड्या, वर टांगलेला पक्ष्याचा पिंजरा, प्लास्टरचा एक पाय, आणि लांब बंदरात जहाजं. चित्रकार तेव्हा तरुण पोरगा, आईवडिलांच्या घरात राहणारा, पिंजरा आणि जहाजं एकाच चौकटीत, एवढं बघितलं की पुढचं आपोआप कळतं.

मग क्योप्के. क्रिस्टन क्योप्के, बेकरचा मुलगा, १८४८ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्याचं १८३८ चं सोर्टेडम तळ्याचं चित्र: लाकडी धक्का, त्यावर दोन बायका, लांब पाण्यात एक होडी, उंच काठीला निपचित लटकलेला डॅनिश झेंडा, पाणी अगदी स्थिर. सांगलीच्या एक मावशी तिथून हलेचनात. हळूच मला म्हणाल्या, "त्या दोघी कुणाला तरी घ्यायला आल्यात की सोडायला?" मी इतक्या वेळा ते चित्र बघितलंय पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. होडी येतेय की जातेय यावरून तिथे कुजबुजत जोरदार वाद झाला, मावशींचं म्हणणं येतेय, कारण सोडायला आलेलं माणूस असं शांत उभं राहत नाही.

तिथून तळं चालत दहा मिनिटांवर. म्युझियमभोवतीची बाग हीच जुन्या तटबंदीची जागा, त्यातली तळी म्हणजे खंदकाचे उरलेले तुकडे, ते बघत बघत सोर्टेडमला पोचलो. पलीकडे आता नोऱ्येब्रोच्या पाच-सहा मजली इमारती, काठाने पळणारी माणसं, हंस, क्योप्केच्या वेळची मोकळी जागा काही उरली नाही. पण संध्याकाळचा उजेड तसाच येतो. मावशींनी बाकावर बसून चिवड्याचा डबा उघडला, थर्मासमधला चहा फिरला, आणि मी शेवटची ठेवलेली गोष्ट तिथे सांगितली. बंगालमधलं सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होतं, नाव फ्रेडरिक्सनगोर. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरीने डॅनिशांच्या आसऱ्याला छापखाना घातला, आणि तिथे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं, १८१० मध्ये शब्दकोश, त्यातले मराठी शब्द मोडीत. त्यासाठी नागपूरकडचे वैजनाथ शर्मा पंडित त्याच्या मदतीला होते. १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव इंग्रजांना विकलं. म्हणजे छापील मराठीचं ते सुरुवातीचं व्याकरण डॅनिश झेंड्याखाली निघालं, अगदी याच सुवर्णकाळात. जालन्याच्या काकांनी लगेच ते वहीत लिहून घेतलं आणि स्पेलिंग विचारलं.

पुढच्या सप्टेंबरला वेगळा रूट करणार आहे. असिस्टन्स कब्रस्तान, जिथे अँडरसन, किर्केगॉर आणि एकर्सबर्ग आहेत, मग फ्रेडरिक्सबर्गचं बाकेहूस, जिथे राहबेक दांपत्याकडे लेखक-कवी जमायचे, आणि जमलं तर बुर्नोनव्हिलचा एखादा बॅले, १८३६ चा ला सिल्फीद रॉयल थिएटरमध्ये आजही करतात, फक्त तिकिटं लवकर काढावी लागतील. स्वीडनमधल्या माल्म्योकडच्या मराठी लोकांनीही विचारलंय, पूल ओलांडला की आलात, या.